अकरा घरांचं पाणी आणि तीन फटफट्या

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

किल्ल्या जप्त!

सकाळी अकराला फोन आला. नवऱ्याचा नाही, हितेशचा. "भाभी, टेन्शन नका घेऊ, सगळे ठीक आहेत." हे वाक्य ऐकून आजवर कुणाचं टेन्शन गेलंय? मागून विश्वजीतचा आवाज — "तिला नको सांगू! तिला नको सांगू!"

गाडी काढली. पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे डांबर संपतं, मग कच्चा रस्ता, मग डोंगराच्या पायथ्याला पाडा. अकरा घरं. पहिल्याच अंगणात आंब्याखाली तीन पन्नाशीचे पुरुष ओळीने बसलेले. माझा नवरा विश्वजीत, त्याचा मित्र हितेश आणि आमचे दाताचे डॉक्टर अविनाश. गुडघ्याला गार्ड, कोपराला गार्ड, छातीला गार्ड. लढाईला निघालेले आणि वर्गाबाहेर उभे केलेले! बाजूला तीन मोटारसायकली, चिखलाने माखलेल्या. किल्ल्या कृष्णाबाईंच्या कनवटीला.

कृष्णाबाई त्या घरातल्या. साठीच्या, काटक, आवाज माझ्यापेक्षा मोठा. (बावीस वर्षं भूगोल शिकवतेय, माझा काही लहान नाही.) झालं होतं असं, की डोंगरात जुन्या खाणीचा चांगला रुंद रस्ता आहे, पण या तिघांना रस्त्यावर मजा येत नाही. रस्ता सोडून उतारावरून गेले. तिथे झऱ्यापासून टाकीपर्यंत काळा पाईप वरवर पुरलाय. अकरा घरांचं पाणी त्यातून येतं. विश्वजीतच्या चाकाखाली तो फुटला.

"ही तुमची पोरं?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"त्यातलं एकच माझं. दाढीवालं."

"काय धंदा करतो?"

विश्वजीतने माझ्याकडे असं पाहिलं, की दगडालाही दया आली असती. मला नाही आली. "नवीन पनवेलला दुकान आहे. पाईप आणि नळाचं."

कृष्णाबाई इतक्या जोरात हसल्या की कोंबड्या पळाल्या. "पाईप इकतोस आन् पाईपच तोडतोस होय रं?"

हा म्हणाला, भरपाई देतो. त्यावर त्यांचं हसू थांबलं. "पैसं पियाचं काय आमी? पाईप जोड. आन् जोडस्तोवर टाकी भर. हीर तिकडं हाय."

विहीर खाली, टाकी वर. तीन वाजेपर्यंत तिघांनी हंडे वाहिले. मी अंगणात बसून कोरा चहा प्यायले. दोनदा.

१३ ऑक्टोबर

विश्वजीतचा हात खांद्याच्या वर जात नाही. आज केस मी विंचरून दिले. जेवढे आहेत तेवढे.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाईप काल जोडून झाला. स्वतः गेला, दुकानातला माणूस नाही पाठवला. आल्यावर म्हणाला, "जोडाला कपलर चांगल्यातला टाकलाय." एवढं कौतुक मी लग्नात माझंही ऐकलं नव्हतं.

आज पाड्यावर बैठक. वनरक्षक स्नेहल आली होती. मुलगी माझ्या लेकीपेक्षा, रोशनीपेक्षा, दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, पण बोलायला एकदम सरळ. "सागाच्या झाडांच्या वर वनखात्याची हद्द. तिथे एक चाक दिसलं तर गाडी जप्त आणि गुन्हा. खाली गावाची जमीन. तिथे गाव म्हणेल ते."

गाव म्हणजे कृष्णाबाई. त्या म्हणाल्या, रविवारी या, सकाळी अकरापर्यंत फिरा, पण खाणीच्या रस्त्यानं जा आणि त्याच रस्त्यानं या. बाजूला उतरायचं नाही.

अविनाश म्हणाले, "पण रस्ता नेमका कुठला, ते नीट ठरवून द्यायला हवं." तिघांनी माझ्याकडे पाहिलं. घ्या! गुन्हा यांचा, गृहपाठ मला.

मग मी, स्नेहल आणि कृष्णाबाई सगळा रस्ता चालून आलो. चार-साडेचार किलोमीटरचा फेरा. मी वहीत खुणा करत होते. कृष्णाबाई पुढे, पायात नुसती स्लिपर, आणि आम्ही दोघी बुटांत धापा टाकत मागे. "हिकडं नाय. तिकडं नाय. ती गवताची जागा, थितं तर नायच नाय."

"मग कुठून जायचं?"

"पायाखाली काय हाय तुझ्या? रस्ताच हाय ना?"

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत पाट्या रंगवल्या. सहा. "कृपया मार्ग सोडू नका." हिरव्यावर पांढरं, अक्षर माझं. अविनाशना त्या इंग्रजीत हव्या होत्या. मी विचारलं, "रस्ता सोडणारे तुम्ही तिघे. तुमच्यात इंग्रज कोण?"

आज पहिली फेरी. आठव्या मिनिटाला विश्वजीत रस्त्याच्या बाहेर.

म्हणे, "मी नाही वळलो, गाडी वळली."

९ नोव्हेंबर, रविवार

मागच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दगड लावले होते. हितेशने ते "चुकवून दाखवण्यासाठी" आहेत असं समजून त्यांच्यामधून नागमोडी गाडी घातली आणि घाणेरीच्या जाळीत जाऊन पडला. काढायला दोघे लागले. गार्डमुळे शरीराला काही झालं नाही. अभिमानाला गार्ड नव्हता.

विश्वजीतचं त्याहून वाईट. भातकापणी होऊन मोकळी झालेली शेतं आहेत ना, त्यातून आरपार गेला. कृष्णाबाई बांधावर उभ्याच होत्या.

"तिथे काहीच नव्हतं!" घरी आल्यावर तावातावाने. "नुसती मोकळी जमीन!"

त्या मोकळ्या जमिनीत परवा वाल पेरलाय. कृष्णाबाईंनी मला सांगितलं. रागावून नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाल्या, "बाय, तुज्या पाट्या वाचतंय कोन?"

खरंच आहे. वर्गात फळ्यावर "शांत बसा" लिहून आजवर कोण शांत बसलंय?

१२ नोव्हेंबर

नववीच्या पेपरांचा गठ्ठा तपासताना सुचलं. नकाशात मुलं नद्या कुठेही काढतात, कारण ती नदी त्यांनी पाहिलेली नसते. गाढी नदी मात्र चुकत नाही कुणाची. पुलावरून रोज जातात.

या तिघांनी हा डोंगर पाहिलेलाच नाही! ताशी चाळीसच्या वेगाने, हेल्मेटच्या फटीतून काय दिसणार?

रविवारी तिघांना चालवणार. पायी.

१६ नोव्हेंबर, रविवार

कुरकुर पनवेलपासून सुरू. "पायी? पूर्ण?" — हितेश. "माझा गुडघा..." — अविनाश. विश्वजीतने हेल्मेट सोबत घेतलं होतं. का, ते त्यालाच माहीत.

कृष्णाबाई पुढे. एकही उपदेश केला नाही त्यांनी. नुसतं दाखवत गेल्या. हा पाईप, तो पुरायला किती दिवस लागले, कोण कोण होतं, त्यांचा थोरला तेव्हा कातळावरून कसा घसरला. हे माझं वालाचं शेत — खाली वाकून मातीचं ढेकूळ बाजूला केलं, तर आत नखाएवढा पांढरा मोड! हे गवत घरं शाकारायला नाही आता, पण गुरांना उन्हाळाभर एवढंच. आणि त्या गवतात मातीतच टिटवी अंडी घालते, उन्हाळ्यात. उघड्यावर, घरटं-बिरटं नाही.

"आन् ती पळत नाय. गाडी आली तरी अंड्याम्होरं उभी ऱ्हाते," त्या म्हणाल्या.

अविनाशनी विचारलं, "मग?"

"मंग काय. गाडी जाते."

त्याच वाटेने परत फिरलो. विश्वजीत वालाच्या बांधावर मागे राहिला होता. मी वळून पाहिलं तर आपल्याच टायरच्या चरात बसून बोटांनी माती सारखी करत होता. पन्नास फुटांचा चर. किती करणार होता? पण करत होता.

यावर मला काही चिडवता आलं नाही. आज नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

जुन्या पाट्या पुसल्या. नव्या लिहिल्या, कृष्णाबाईंना विचारून:

"याच्या खाली अकरा घरांचं पाणी आहे."

"मोकळं दिसतं, मोकळं नाही. वाल पेरलाय. — कृष्णाबाई"

"हे गवत तुमच्या फटफटीला नको, दामूच्या म्हशीला हवं."

दामू कृष्णाबाईंचा दीर. पाटीवर नाव आल्यापासून तो दिवसातून दोनदा पाटी पाहायला जातो म्हणे. वाचता येत नाही, पण म्हशीला घेऊन जातो.

आज तिघेही रस्त्यावर. पूर्ण फेरा! एकदाही बाहेर नाहीत!

३० नोव्हेंबर, रविवार

विश्वजीत आता धर्मप्रसारक झालाय. बेलापूरकडचे दोन अनोळखी बाईकवाले आले होते. त्यांना पाटीजवळ थांबवून वीस मिनिटं प्रवचन. पाईप, वाल, टिटवी, सगळं. "अहो, ती पळत नाही!" — आवाज भरून आला होता म्हणे. हितेशने नक्कल करून दाखवली, हसून मला ठसका लागला.

त्या दोघांनी मुकाट फेरा रस्त्यावरून केला. सुटका करून घ्यायला असेल.

घरी मात्र हे महाशय अजून टॉवेल पलंगावर टाकतात. त्याला पाटी लावू का?

१४ डिसेंबर, रविवार

सलग चौथा रविवार, एकही चाक बाहेर नाही. स्नेहल सागापर्यंत चढून बघून आली. "बाई, वर काहीच नाही. तुम्ही काय जादू केली?" मी म्हटलं, चालवलं.

कृष्णाबाईंच्या सुनेने, मनिषाने, तांदळाच्या भाकऱ्या दिल्या बांधून. विश्वजीत तिच्या नळाची गळती काढत होता. तोटी नवी बसवली. अंगणात तिघांना आता आंब्याखाली बसवत नाहीत, ओट्यावर बसवतात. बढती!

२१ डिसेंबर

नकाशा पूर्ण केला. वहीतल्या खुणांवरून मोठ्या कागदावर, रंगीत. रस्ता लाल, पाईप निळा, वालाची शेतं हिरवी, गवत पिवळं, वनहद्द काळ्या ठिपक्यांची. बावीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे मुलांना भरायला दिले. हा माझा स्वतःचा पहिला.

विश्वजीत बराच वेळ पाहत राहिला. "फ्रेम करू," म्हणाला.

मी म्हटलं, फ्रेम कसली, लोकांच्या उपयोगी पडू दे. रोशनीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर शिकवलं. बाईकवाल्यांचं एक अ‍ॅप असतं, त्यावर असे मार्ग टाकतात. बाहेरचे येतात, त्यांना रस्ता माहीतच नसतो, म्हणून कुठेही घुसतात. नकाशा असला की सगळे रस्त्यावर राहतील. सरळ हिशोब आहे.

"आपल्यापुरता राहू दे की," विश्वजीत म्हणाला.

"का? डोंगर तुझ्या दुकानातला आहे?"

टाकला नकाशा. खाली नाव: पद्मजा, पनवेल.

२६ डिसेंबर

नकाशाला एकशे चाळीस पसंत्या! कोण कुठले लोक — "मॅडम, असं काम प्रत्येक ट्रेलवर व्हायला हवं." स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विज्ञान प्रदर्शनात मांडा.

विश्वजीतला जेवताना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तो माझ्याबरोबर म्हणायला लागला.

११ जानेवारी २०२६, रविवार

कृष्णाबाईंकडे पोपटी! मडक्यात खाली भांबुर्डा, मग वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाला बाजूला केला तेव्हा जो वास आला!

शेंगा त्याच शेतातल्या. विश्वजीतचा चर गेला होता तिथली एक ओळ उगवलीच नाही, बाकी सगळं भरून आलंय. कृष्णाबाईंनी त्याच्या पानात मूठभर जास्त शेंगा टाकल्या. "खा. तुज्या वाटच्या जरा कमीच उगावल्या."

आज बाहेरच्या सात गाड्या होत्या. सातही रस्त्यावर. हातात माझा नकाशा!

१८ जानेवारी, रविवार

बाहेरच्या एकोणीस.

"आज लय गाड्या झाल्या," कृष्णाबाई म्हणाल्या. अंगणात वाल वाळत घातले होते, त्यावर धूळ.

"पण रस्त्यावरूनच गेल्या ना?" मी म्हटलं.

"हां. रस्त्यावरूनच."

बकऱ्या आत घेतल्या त्यांनी. मला वाटतं थंडी होती म्हणून.

२५ जानेवारी

उद्या शाळेत झेंडावंदन. पाड्यावर नाही गेले. कवायतीची तयारी. विश्वजीतही नाही गेला, दुकानात माल यायचा होता.

१ फेब्रुवारी, रविवार

घरी आले ती थेट लिहायला बसले.

आम्ही साडेआठला पोचलो तेव्हा पाड्याच्या तोंडाशी गाड्याच गाड्या. मोजल्या नाहीत, साठ तरी असतील. टेम्पोतून उतरवत होते. स्पीकरच्या डब्यांतून गाणी. कृष्णाबाईंच्या कुंपणाला कुणीतरी ओला शर्ट वाळत घातलेला.

चार मीटरच्या रस्त्यावर साठ गाड्या. पुढचा हळू चालला की मागचा बाजूने काढणार. बाजूला म्हणजे वालात, गवतात. विश्वजीत, हितेश आणि अविनाश हात पसरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शब्दशः उभे राहिले, तीन ठिकाणी. एकाने विश्वजीतला विचारलं, "अंकल, तुमचा आहे का डोंगर?"

पाईप दोन ठिकाणी फुटला. झऱ्याला आता करंगळीएवढी धार, टाकी भरायला अख्खा दिवस लागतो. कालपासून साठलेलं सगळं उतारावर वाहून गेलं.

आणि मनिषा. कृष्णाबाईंची सून. हंडा घेऊन विहिरीवरून येत होती. वळणावर गाडी अंगावर आली म्हणून बांधाबाहेर उडी मारली. मनगट मोडलं. अविनाशनी आपल्या कोपराचा गार्ड काढून तिचा हात बांधला, आमच्या गाडीतून पनवेलला आणलं. हाड दोन जागी मोडलंय. दीड महिना प्लास्टर. वाटेत ती एवढंच म्हणत होती, "हंडा थितंच ऱ्हायला."

कृष्णाबाई ओरडल्या नाहीत. पहिल्या दिवशी तीन गाड्यांच्या किल्ल्या काढून घेणारी बाई! आज ओट्यावर बसून नुसती बघत होती. साठांच्या किल्ल्या कुठे खोवणार?

मी ओरडले. मिळेल त्याच्यावर. कुणी बोलावलं या टोळीला? कुठल्या मूर्खाने? शोधून काढते. काढतेच.

२ फेब्रुवारी, सोमवार

शोधावं लागलं नाही. मधल्या सुट्टीत अ‍ॅपवर निरोप होता. ठाण्याचा कुणी कल्पेश. "नमस्ते मॅडम, काल तुमच्या मॅपवरूनच आलो सगळे. मस्त स्पॉट! थँक यू. पुढच्या रविवारी शंभर जण आणतो."

नकाशा काढून टाकला. सहाशे बारा जणांनी तो आधीच उतरवून घेतलाय.

शाळेतून थेट पाड्यावर. दुकान बंद करून विश्वजीत आला, मी नको म्हणत असताना. ओट्यासमोर उभी राहून कृष्णाबाईंना सांगितलं, माझ्यामुळे झालं. त्यांनी निरोप वाचून दाखवायला लावला. दोनदा. मग म्हणाल्या, "रस्ता ऱ्हानारच नाय आता." खाणीच्या तोंडाशी आडवा चर खणायचा, ट्रॅक्टर उतरणार नाही इतका खोल. गावाचं सकाळीच ठरलं होतं. कुणाचीच गाडी नाही. यांच्याही नाही.

हितेश आणि अविनाश खणत होतेच.

मी विश्वजीतकडे पाहिलं. चार महिने त्याला जे जे बोलले, त्यातलं काहीही तो आज मला बोलू शकत होता. मी वाट बघत होते.

त्याने बाह्या वर केल्या. म्हणाला, "दुसरं फावडं डिकीत आहे."